सत्तावन्न वऱ्हाडी, सहा खेपा

गोरज मुहूर्त तोंडावर आला होता, खाडीचं पाणी उतरत चाललं होतं, सगळं वऱ्हाड पलीकडे आंजर्ल्याला पोचलं होतं, आणि नवरी अलीकडे उभी होती. तिच्याजवळ दोनच माणसं, माझा काका आणि मी. हिशेब माझा होता.

"चिमे," आक्का म्हणाली, "सहा खेपा म्हणालीस ना?" (आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. नवरी तीच.)

"सहाच झाल्या," मी म्हटलं. खोटं नव्हतं ते!

साल तीस असावं, नाहीतर एकतीस. (सालाचाही अदमासच.) मी चौथीत होते आणि आमच्या घरातल्या बायकांत भागाकार येणारी मी एकटीच. त्यात काही पराक्रम नव्हता, पण काका मला गावभर मिरवायचा. मास्तरांनी नुकतंच शिकवलं होतं, की भागाकार करण्याआधी उत्तराचा अदमास घ्या. जवळचे सोपे आकडे धरा आणि चटकन भागा. तेव्हापासून मी दिसेल त्याला भागत सुटले होते. आई भाकऱ्या थापायला बसली की मी त्या माणसांत भागायची, आणि आई मला उलथणं दाखवायची.

खाडीवर तेव्हा पूल नव्हता. होडीवाला म्हणाला, "खेपेला नऊ माणसं. ओहोटी लागल्येय. सहा खेपा कशाबशा होतील, सातवी नाय. किती आहात?"

"सत्तावन्न," काका म्हणाला आणि लगेच माझ्याकडे वळला. "चिमे, भाग!"

मी डोळे मिटले. सत्तावन्नाला धरले साठ, नवाला धरले दहा. "सहा खेपा!"

"बघा!" काका वऱ्हाडाकडे बघून ओरडला. "पाटी नाय, पेन्सिल नाय! आमची पोर!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. अदमासानंतर खरा भागाकारही करून बघायचा असतो, असं मास्तर म्हणाले होते. पण एवढं कौतुक चालू असताना पाटी कोण शोधतो?

आता नवरी कुठल्या खेपेला? आत्या म्हणाली, "नवरी आधी पोचलेली बरी दिसत नाय. उतावीळ झाल्येय म्हणतील." मधल्या खेपेलाही नको, कारण तिला उतरवून घ्यायला आपली माणसं पलीकडे हवीत. म्हणून नवरी शेवटी. हिशेब करणारी म्हणून मी शेवटी, आणि माझं कौतुक अजून संपलं नव्हतं म्हणून काका शेवटी.

सहावी होडी लागली. नऊ माणसं बसली. काठावर आम्ही तिघं!

"सरका जरा," काका म्हणाला.

"दहावं माणूस चढलं तर दहाही बुडतील," होडीवाला म्हणाला.

"मग तिघं उतरा कुणीतरी! भटजी, तुम्ही उतरा."

"उतरतो की. मंगलाष्टकं तू म्हण!"

"आत्ये, तू?"

"माझ्या मांडीवर रुखवताचं ताट आहे. कुठे ठेवू, तुझ्या डोक्यावर?"

मामाचा गुडघा दुखत होता. मामीला मामाचा गुडघा धरायचा होता. त्या होडीत असं एकही माणूस नव्हतं, की ज्याच्याशिवाय लग्न लागलं असतं. नवरीशिवाय ते कसं लागेल, हे मात्र कुणाला सुचेना!

तेवढ्यात होडीचा तळ चिखलाला घासला. होडीवाल्याने बांबू रोवून होडी ढकललीच. "यांना सोडून मधल्या धारेपर्यंत येतो!" तो ओरडला. "तिथवर चालत या!"

"पोरी, मी तुला उचलून नेतो," काका आक्काला म्हणाला आणि आधी स्वतः चिखलात उतरला. थोडं पुढे जाऊन तो मांडीपर्यंत रुतला. आक्काने लुगडं वर खोचलं, लग्नाच्या पिवळ्या लुगड्याचं गाठोडं डोक्यावर घेतलं आणि काकाच्या काखेत हात घालून त्याला मुळ्यासारखा उपटला. मी तिच्या कमरेला धरून मागे. वाटेत तिने मला एक धपाटा घातला. तो मी मुकाट्याने घेतला. पडले असते तर उचलायला तीच होती!

धारेत होडी मिळाली. पण पलीकडच्या काठालाही आता चिखलच, तोही तुडवला. काठावर ताशे थांबले होते. नवऱ्या मुलाची आई नवरीची वाट बघत उभी होती. डोक्यावर गाठोडं घेतलेली, चिखलाने माखलेली बाई खाडीतून वर येताना बघून तिने विचारलं, "तिसऱ्या कशा दिल्यास गो?" (ओहोटीला बायका चिखलातून तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढतात. तिचं काही चुकलं नाही.)

"तिसऱ्या नाहीत," आक्का म्हणाली. "सून आहे."

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. मला वाटलं, संपलं लग्न! पण त्या हसत होत्या. हसता हसता त्यांनी घंगाळं मागवलं आणि आक्काला स्वतः धुतलं. सूर्य समुद्राला टेकला तेव्हा अंतरपाट दूर झाला. आक्काच्या कानामागे चिखल तसाच होता आणि नवरा तोच बघत होता.

पुढे मला चौथीनंतर शिकवायचं का, असा विषय घरात निघाला. सत्तावन्नांतला एकटा काका "हो" म्हणाला.

काठावर उरलेल्या तिघांतला काका गेला, आक्का गेली. मी आहे.