तीन पाळ्या

कॉलेजात संस्कृतच्या बाईंनी एकदा सांगितलं, 'पालि' म्हणजे कड, कानाची खालची कड, आणि रांगसुद्धा. रांगेवरून खेप, आणि तिथून गिरणीतली पाळी, बायकांची पाळी. वर्ग हसला. मला हसू आलं नाही. गिरणीची, बायकांची आणि कानाची, अशा तिन्ही पाळ्या मला एकाच आठवड्यात भेटल्या होत्या, डिलाईल रोडच्या चाळीत, बाराव्या वर्षी.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. दुपारी अचानक संचारबंदी लागली. पहिल्या पाळीला गेलेले बाबा गिरणीतच अडकले. आई खिडकीच्या फटीतून रस्ता बघत होती. मी मोरीतून घाबरून बाहेर आले. माझा परकर पाहून ती हळूच म्हणाली, "चेडवा, तुझी पाळी इली."

"माझी कसली? मी काय गिरणीत जातंय?"

ती हसली नाही. मोरीशेजारी गोणपाट टाकलं, तांब्या वेगळा ठेवला. "चार दिस हयसून हलूचा नाय. कशाक शिवूचा नाय."

तिथून मला चूल, भिंत आणि आईची पाठ दिसायची. गॅलरीत शेजारणी खाली डोकावून काय काय सांगत, ते नुसतं ऐकायचं. पोट दुखत होतं, बोलायची लाज वाटत होती.

तिसऱ्या दिवशी दोन तास संचारबंदी उठली. आई रॉकेलसाठी धावली. तेवढ्यात बाबा आले. गिरणीच्या गेटाशी गर्दी म्हणून ते मागच्या भिंतीवरून उतरले होते. तारेत कान अडकून पाळी फाटली होती. मानेवर रक्त. ते दारातच बसले. मला कोपऱ्यात बघून त्यांना समजलं, त्यांनी नजर वळवली.

"आवस खय?"

"रॉकेल हाडूक गेली."

कानावर हात दाबून म्हणाले, "पाणी होया होता."

हंडा चार हातांवर होता. मी उठले. घरचा तांब्या बुडवून पाणी दिलं, ओल्या फडक्यानं कान पुसला.

"बस जाग्यार," ते म्हणाले. "आवशीक सांगू नको."

आई आली तेव्हा मी गोणपाटावर होते. तिनं आधी बाबांचा कान बांधला. मग ओली जमीन पाहिली, आणि हंडा मोरीत ओतला. नळाला संध्याकाळपर्यंत पाणी नव्हतं.

दारं पुन्हा लागली. तो दिवस आणि पुढचा सबंध दिवस आम्ही तिघं त्या एका खोलीत होतो. बाबा माझ्याकडे पाठ करून, बंद दाराकडे तोंड करून बसायचे.