भंडाऱ्यात उमटलेली रेघ

आमच्या डेपोच्या मुख्य मिस्त्रीने मला फसवलं. जे त्याने पाहिलं नव्हतं ते स्वतःच्या नावावर लावलं, आणि ते खरं ठरवायला खंडोबाचा भंडारा उचलून खोटी शपथ घेतली. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी देवाच्या कृपेबद्दल लिहिणार आहे, आणि कृपा झाली म्हणून माझा राग गेला असं कुणी समजू नये. पुष्कळ दिवस मला वाटत होतं की देव असता तर शपथ घेताना त्या माणसाची जीभ अडखळली असती. ती अडखळली नाही. तो स्वच्छ, खणखणीत बोलला. त्या दिवसापासून काही महिने मी देवापुढे हात जोडले नाहीत.

मी जामखेडकडचा. चिंचवडला आलो तेव्हा खांद्यावर कावड घेऊन सर्व्हिस मोटारींच्या, म्हणजे प्रवासी गाड्यांच्या, रेडिएटरमध्ये पाणी घालायचो. तिथून गाड्या धुणाऱ्यांच्या टोळीत शिरलो आणि पाच वर्षांत टोळीचा मुकादम झालो. कुणी चिठ्ठी दिली नाही, कुणी हात धरला नाही. मी हुज्जत घालून मिळवलं. डेपोच्या साहेबांना मी सांगितलं, गाड्या वरून धुवून हव्या असतील तर कुणीही धुवेल. पोटाखालून धुवून हव्या असतील तर हौदाशेजारी दोन दगडी ओटे बांधून द्या. ओट्यांवर चाकं चढवली की खाली माणूस बसू शकतो. महिनाभर भांडलो तेव्हा ओटे झाले. चिखल खरवडायचा, वंगण घासलेटच्या फडक्याने पुसायचं, मग कोरडं फडकं, ही माझी पद्धत. टोळीतली माणसं हसायची, "मुकादम, खालचं कोण बघतंय?" मी म्हणायचो, "मी बघतोय." पुण्यापासून खेडपर्यंत आमच्या गाडीसारखी गाडी रस्त्यावर नव्हती. हा माझा गर्व होता, आजही आहे. खंडोबाशीसुद्धा मी घासाघीस करायचो. आधी दे, मग तळी भरतो, असा आमचा व्यवहार.

चंपाषष्ठीच्या सकाळी निमगावच्या खंडोबाला जादा गाडी सुटायची होती. मोशी, चाकण, खेड अशी वाट. गाडी मी पहाटेपासून धुतली होती. बॉनेटवर तोंड दिसत होतं. पुढच्या दोन चाकांना एकमेकांशी जोडणारा जो आडवा दांडा असतो, ज्याला आम्ही टायरॉड म्हणतो, तो घासलेटने पुसून कोरडा करून मी ओट्यांमध्ये गाडीखाली बसलोच होतो, एवढ्यात एक म्हातारी फाटकातून थेट हौदापाशी आली. तळवड्याहून चालत आली होती. कमरेला भंडाऱ्याची पिशवी.

"देवाला निघालेली गाडी हाय न्हवं? मग भंडारा कुठंय? बिनभंडाऱ्याच्या गाडीत मी न्हाई बसायची," असं म्हणत तिने मूठ भरली आणि बॉनेटकडे वळली.

मी खालून ओरडलो, "आजी, हात मागे घ्या! सकाळपासून घासतोय. एक डाग पडला तर गाडी पुन्हा धुवावी लागंल!"

"देवाचा भंडारा डाग व्हय रं?"

"बॉनेटवर डागच. टाकायचाच असला तर इथं खाली टाका, कुणाला दिसायचा न्हाई."

तिने मूठ मागे घेतली. मग म्हणाली, "बरं, तुजा देव खाली तर खाली." गुडघ्यावर हात ठेवून वाकली, "येळकोट येळकोट जय मल्हार" म्हणाली आणि मूठ फेकली. अर्धा भंडारा माझ्या तोंडावर आला, अर्धा दांड्यावर. ती फाटकाकडे निघून गेली. मी डोळे चोळत, शिव्या गिळत फडकं उचललं. दांड्यावर पिवळा थर बसला होता, आणि त्या कोरड्या थरातून माझ्या डोळ्यांदेखत एक काळी, ओलसर रेघ वर येत होती. केसाएवढी. दांड्याला वळसा घालून.

मी पुसली. दांडा साफ दिसला, कुठे काही नाही. सांडलेला भंडारा चिमटीने उचलून पुन्हा भुरभुरवला. थोड्या वेळाने रेघ पुन्हा त्याच जागी. तेव्हा कळलं. लोखंडाला तडा होता. तड्यात शिरलेलं घासलेट बाहेर येऊन कोरड्या भंडाऱ्याला भिजवत होतं. नुसत्या डोळ्यांना तो तडा कधीच दिसला नसता.

मी ओरडून गाडी थांबवायला सांगितली. ड्रायव्हर वैतागला. "राव, फाटकावर चाळीस माणसं खोळंबलीत. तुमची तपासणी उद्या करा की." मुख्य मिस्त्री चहाचा कप हातात घेऊन आला. वाकायचे कष्टसुद्धा त्याने घेतले नाहीत. "तू पाणी मार. लोखंडात नाक खुपसू नको," म्हणाला. "म्हशी धुणारा मला टायरॉड शिकवणार?"

माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "दांडा काढ. चांगला निघाला तर हा हौद, ही मुकादमी सोडून आत्ता जामखेडची वाट धरतो."

"अंगठा देतोस?"

"अंगठा कशाला, सही देतो."

ती सही मी रात्रीच्या शाळेत शिकलो होतो. कागदावर ती ठसठशीत केली. पाच वर्षांची कमाई मी एका पिवळ्या रेघेवर लावली होती. मिस्त्रीने हसत हसत दांडा काढला, शेगड्याच्या लोखंडी पकडीत आवळला आणि हातोडा मारला. एकाच घावात दोन तुकडे झाले. तुटलेली जागा जवळजवळ सगळी जुन्या गंजाने तपकिरी झाली होती. फक्त करंगळीच्या नखाएवढं लोखंड ताजं चकाकत होतं. मोशीला इंद्रायणीच्या उतारावर चाळीस माणसं तेवढ्या नखावर जाणार होती.  दुसरी गाडी लावली, माणसं गेली, म्हातारीही गेली.

पंधरा दिवसांनी फाटकाशी रंगवलेला फलक लागला. मुख्य मिस्त्रीने नेहमीच्या तपासणीत हातोड्याने तडा शोधून मोठा अपघात टाळला, असा मजकूर. सगळ्यांसमोर मी उभा राहिलो आणि हे खोटं आहे म्हणालो. साहेबांनी ड्रायव्हरला विचारलं. तो आपल्या वहाणांकडे बघत राहिला. मग मिस्त्रीने डेपोतल्या खंडोबाच्या कोनाड्यातून बेल-भंडारा उचलला आणि म्हणाला, "तडा मीच शोधला." साहेब माझ्याकडे वळले. "तूही उचल आणि म्हण, मी शोधला."

मी कोनाड्यापाशी गेलो. हात पुढे केला आणि तो तिथेच थांबला. समोर तीच पिवळी पूड होती. ती हातात घेऊन मी कसं म्हणणार होतो की मी शोधला? मी तर तिला डाग म्हणालो होतो. माझ्या चकचकीत बॉनेटसाठी मी देवाला गाडीच्या पोटाखाली, चिखलाच्या जागी पाठवलं होतं. मी हात मागे घेतला. सगळ्यांना वाटलं, खोटा पडला. साहेब म्हणाले, विषय संपला.

काही महिने रागात काढले, मग साक्षीदार हवा म्हणून मी तळवड्याला जाऊन म्हातारी शोधून काढली. ती अंगणात शेंगा निवडत बसली होती. मी सगळं सांगितलं. तिला काहीच आठवत नव्हतं.

"मी तर दर खेपेला टाकते बाबा. कोनती गाडी, कोन मुकादम, काय ध्यानात ऱ्हातंय? त्या मिस्त्रीचं लई मनावर घेतलंस जनू."

"माझं नाव चोरलंय त्यानं, आजी."

"तुजं व्हतं का?"

 शेंगा निवडता निवडता ती पुढे म्हणाली, "तू देवाला खाली जा म्हनलास, त्यो मुकाट्यानं खाली गेला. तितं बसून काम केलं. फलक मागितला का त्यानं?"

तिथून परत येताना मी पहिल्यांदाच देवाशी काही घासाघीस न करता हात जोडले. ज्याला मी डाग म्हणून हाकललं त्याने माझ्याच हातून चाळीस जीव वाचवले, एवढं पुरे होतं. त्या वर्षी तळी भरली, मागणं काही केलं नाही. तेव्हापासून हौदावर आलेल्या प्रत्येक गाडीचा दांडा घासलेटने पुसून, कोरडा करून आम्ही भंडारा टाकतो. आणखी दोन गाड्यांत रेघ उमटली. माझ्या टोळीतली माणसं आता हसत नाहीत. आमच्या डेपोची एकही गाडी दांडा तुटून रस्त्यावर पडलेली नाही, आणि हे मी छाती पुढे काढून सांगतो. बॉनेटवरही मी भंडारा लावू देतो.

फलक अजून फाटकाशी आहे. दर दसऱ्याला तो मीच पुसतो. मिस्त्री, तुला वाटत असेल मी हरलो. नीट ऐक. त्या नावावरचा माझा हक्क मी सोडला, पण तुला सोडलेला नाही. ज्याचा होता त्याच्या पायाशी ठेवला. म्हणजे तू चोरी केलीस ती माझी नाही, त्याची. मला काही देऊ नकोस, माझी माफीही मागू नकोस. एकदा फक्त हौदावर ये, माझ्यासारखा ओट्यांमध्ये गाडीखाली वाकून बस, दांड्यावर आपल्या हाताने भंडारा टाक, आणि ज्याने रेघ दाखवली त्याला उत्तर दे: त्या दिवशी हाच भंडारा मुठीत धरून तू कुणाचं काम स्वतःचं म्हणालास?