कोणीच नसलेला आकडा

बाबा खाप्याच्या शाळेत गणित शिकवायचे, आणि मी, त्यांचीच मुलगी, सतराच्या पाढ्यात अडकायचे. सतरा साते आलं की माझी गाडी बंद. ते रागवायचे नाहीत, नुसते माझ्याकडे पाहत बसायचे. त्यापेक्षा रागावले असते तर परवडलं असतं.

यंदा त्यांच्या मेंदूत गुठळी झाली आणि त्यांना धंतोलीतल्या एका दवाखान्यात आणलं. तिसऱ्या दिवशी डोळे उघडले, पण बोलेनात. मनगटावरच्या पट्टीवर पेशंटचा नंबर छापलेला होता, १०४७२९. त्याच्याकडेच पाहत राहायचे. दुपारी डॉक्टरांनी माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "आजोबा, इथे तुमचं कोण आहे?"

पट्टीवरची नजर न काढता बाबा म्हणाले, "कोणीच नाही."

डॉक्टरांनी फाइलमध्ये काहीतरी लिहिलं. मला म्हणाले, "संध्याकाळी पुन्हा विचारू. ओळख परत येईलच, असं नाही सांगता येत." मी बरं म्हटलं. जिव्हारी लागलं, खोटं कशाला बोलू. तीन दिवस उशाशी बसून मी, अन् म्हणे कोणीच नाही.

खाली चहा घेताना माझी ट्यूब पेटली. वर्गात बाबा अशीच भाषा बोलायचे. "बारा गोतावळ्याचा माणूस आहे. दोन, तीन, चार, सहा, सारे त्याच्या घरी येतात. तेराले कोणीच नाही. एक अन् तो स्वतः." मूळ संख्येला आमच्या घरी दुसरं नावच नव्हतं. मग बाबा माझ्याबद्दल बोलले, की पट्टीवरच्या आकड्याबद्दल?

औषधाच्या चिठ्ठीमागे भागाकार मांडायला घेतले. फोननं क्षणात सांगितलं असतं, पण तसलं उत्तर बाबांनी कधी धरलं नसतं. ३२४ ला ३२४ नं गुणलं की हा आकडा ओलांडला जातो, म्हणून त्याच्या आतल्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं की पुरे. त्याच सहासष्ट निघाल्या. सातनं दोन उरले. तेरानं एक उरला, थोडक्यात हुकलं. तीनशे सतरापर्यंत पोचले तेव्हा अर्धा चहा कधीचा निवला होता. एकाचाही भाग गेला नाही.

संध्याकाळी डॉक्टर आले तेव्हा मी बाबांच्या कानाशी वाकले. "बाबा, साऱ्यांनी भागून पाहिलं. खरंच कोणीच नाही त्याले."

त्यांचे ओठ हलले. "सतरानं किती उरले?"

"आठ."

ते नुसते माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "नऊ. सतराचा पाढा अजून कच्चाच आहे वं तुझा."

मी चिठ्ठी तोंडासमोर धरली. डॉक्टरांना वाटलं, मी भागाकार तपासून राहिली.