लाझिमा म्हणण्याआधी

आफ्रिकामावशी दुभाषी होती, पण डॉक्टरांचं बोलणं संपलं तरी लगेच तोंड उघडत नसे. परळच्या इस्पितळात टांझानियाहून आलेला पेशंट समोर, डॉक्टर घड्याळाकडे बघतायत, आणि ही बाई खुर्ची पुढे ओढून स्वाहिलीत विचारणार, "घरी कोण कोण असतं?" आई, भाऊ, बकऱ्या, सगळं ऐकून घेणार. मग वाईट बातमी. डॉक्टर वैतागत. मावशी ढिम्म.

लालबागची गिरणी बंद पडली तेव्हा तिच्या नवऱ्याला दार-ए-सलामच्या कापडगिरणीत काम मिळालं. अर्धं आयुष्य तिकडे काढून, तो गेल्यावर ती चाळीतल्या जुन्या खोलीत परतली. मी दोन दारं सोडून राहायचे. कॉलेज संपवून घरी बसले होते, म्हणून तिने मला स्वाहिली शिकवायला घेतलं. ती खोबरं खवायची, मी समोर पाटावर.

शिकवणं म्हणजे बहुतेक ओरडणंच. "एकटं 'पाहिजे' घेऊन त्या लोकांसमोर जाऊ नको गो!" तिकडे त्याला निरनिराळे शब्द. इनापासा म्हणजे माणूस म्हणून करायला हवं ते. इनाबिडी म्हणजे मन नसताना करणं भाग पडतं ते. "आजारी आईला भेटायला जाणं इनापासा. खोली खाली करणं इनाबिडी." आणि लाझिमा म्हणजे ज्यातून सुटका नाही ते, आपल्याकडच्या लाजमीचंच भावंड. "तो शब्द जपून. लाझिमा म्हटलंस की समोरच्याला बोलायला जागा उरत नाही. म्हणून आधी त्याला बोलू दे." बकऱ्यांची चौकशी कशासाठी, ते मला तेव्हा कळलं.

पुढे ती मला इस्पितळातही सोबत नेऊ लागली. एकदा तिकडच्या एका सुताराचा पाय काढायचा होता. बायको म्हणाली, आमच्यात थोरला दीर ठरवतो. मावशीने जिन्यात उभं राहून त्याला फोन लावला. तो होडीबद्दल बोलला, पिकाबद्दल बोलला, भावाच्या लग्नाबद्दल बोलला. ही हुंकार देत राहिली. शेवटी एकदाच लाझिमा म्हणाली. तिकडे तो रडला आणि हो म्हणाला. सुतार कुबड्या घेऊन घरी गेला. मावशी म्हणाली, "चल, चहा पिऊ."

पुढे तिच्याच पोटात गाठ निघाली. तिचे रिपोर्ट घेऊन बसले होते ते नेहमी वैतागणारे डॉक्टरच. तिने त्यांना हाताने थांबवलं. "मला नको. हिला सांगा, ही मला सांगेल. तिकडच्या भाषेत."

डॉक्टरांनी मला मराठीत सांगितलं. मावशी शेजारीच होती. एक अक्षर कळत नसल्यासारखी खिडकीबाहेर बघत बसली. मी खुर्ची पुढे ओढली आणि स्वाहिलीत विचारलं, घरी कोण कोण असतं?

"सावंतवाडीला भाचा," ती स्वाहिलीतच म्हणाली. "आणि दोन दारं सोडून एक मुलगी."

मला काहीच वाटत नव्हतं. मी सांगितलं, ऑपरेशन आता लाझिमा नाही. त्याने काही होणार नाही. दुखू नये म्हणून औषध देतील, आणि तू घरी राहशील. माझ्या उच्चारांत ती एरवी पावलोपावली चुका काढायची. त्या दिवशी नुसती "आसांते" म्हणाली, म्हणजे धन्यवाद, आणि डॉक्टरांनाही नमस्कार करून उठली.

पावसाळा संपता संपता ती गेली. भाच्याला मी मराठीत कळवलं. दार-ए-सलामच्या तिच्या मैत्रिणीला स्वाहिलीत, आधी घरच्यांची चौकशी करून. मैत्रीण फोनवर ओक्साबोक्शी रडली. मी तिला धीर दिला. आता मावशीच्या जागेवर मीच जाते, रोज कुणाला ना कुणाला सांगते. मावशी गेली हे मला मात्र अजून कुणी खुर्ची ओढून सांगितलेलं नाही.