बारा किलोंची अट

आमच्या जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन गोंदिया वेगळा झाला तेव्हा भंडारा निम्मा उरला. मी मात्र त्या वर्षापासून वाढतच गेले. माहेर हातमागाचं, पुढे कापडाच्या दुकानाचं, त्यामुळे माझं माप हा घरातला कायमचा विनोद. धाकटा भाऊ पवनीच्या बाजारात वडिलांच्या गादीवर बसायचा. माझं सासरही गावातच, त्यामुळे दुकानात जाणं-येणं रोजचं. मी आत शिरले की तो गिऱ्हाइकाला सांगायचा, हिच्यासाठी कापड वारानं नाही, ताग्यानं काढावं लागतं. गिऱ्हाइकाच्या आधी मी हसायचे. लठ्ठ माणसानं आपण होऊन आधी हसून घ्यावं, म्हणजे लोकांचं लवकर आटोपतं.

त्या भावाच्या दोन्ही किडन्या गेल्या. रक्तदाबाच्या गोळ्या त्यानं आज घेतल्या, उद्या विसरल्या, असं बरीच वर्षं चाललं होतं आणि घरात कुणाला त्याचं काही वाटलं नव्हतं. मग एकदा पाय सुजले, दम लागला आणि नागपूरला नेलं तेव्हा डायलिसिसवरच घेतलं. आठवड्यातून दोनदा भाड्याची गाडी, नागपूर, मशीन, परत. कापसाच्या वातीसारखा पांढरा होऊन यायचा. किडनी कोण देणार याचा शोध सुरू झाला. त्याच्या बायकोचं रक्त जुळेना. आईचं वय झालेलं. माझं सगळं जुळलं, काठाला पदर जुळावा तसं.

मी इतकी खूश झाले की डॉक्टरांच्या खोलीतच पेढे मागवायचं बोलले. डॉक्टरांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, पेढ्यांचंच बोलायचं आहे. माझी किडनी चांगली होती, पण एवढ्या वजनावर माझं ऑपरेशन करणं धोक्याचं, आणि पुढे उरलेल्या एका किडनीवर एवढा देह टाकणं त्याहून धोक्याचं. बारा किलो उतरवून या, मग टेबलावर घेतो, असं त्यांचं म्हणणं. निघताना त्यांनी पुन्हा थांबवलं. "गोळ्या, पावडरी, काढे काही नाही. पोटात जाईल ते शेवटी किडनीतूनच जातं. आणि तुमच्या भावाकडे फार वेळ आहे असं समजू नका."

या दोन गोष्टी त्यांनी एका दमात सांगितल्या. त्या एकमेकींच्या उरावर बसलेल्या आहेत हे मला घरी आल्यावर कळलं.

आमचा भाग धानाचा. जेवलीस का, याचा आमच्याकडे अर्थच भात खाल्लास का असा. मी भात सोडला. पहाटे उठून वैनगंगेच्या घाटापर्यंत चालू लागले. पहिले दोन किलो गेले, मग काटा अडला, मग त्यातला एक परत आला. एक तर माझा स्वभाव असा की दुःख झालं की मला भूक लागते. भावाला भेटून यायचे. त्याच्या घोट्यांवर बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा. घरी येऊन त्याचा विचार करत करत लाखोळीची डाळ आणि जवसाच्या चटणीसोबत कालचा उरलेला भात कधी संपवला ते ताट धुताना कळायचं. मग मोरीतच बसून रडायचे. भाऊ मरतोय आणि बहीण खातेय. याहून साधं करून मला सांगता येत नाही.

त्याच दिवसांत गावात वजन उतरवायचा एक क्लब निघाला होता. भिंतीवर बायकांचे आधीचे आणि नंतरचे फोटो, सकाळी पेल्यातून काहीतरी गुलाबी प्यायचं, शिवाय कॅप्सूल. एका संध्याकाळी मी भावाकडे बसले असताना भावजयीनं एक डबी माझ्यासमोर ठेवली. तिथली एक बाई महिन्यात आठ किलो उतरली, आपण डोळ्यांनी पाहिली, असं ती सांगत होती. मी डॉक्टरांचं म्हणणं काढलं. ती म्हणाली, डॉक्टरचं काय जाते ताई, त्याच्या घरचं कोणी मशीनवर आहे का.

खाटेवरून भाऊ बोलला. "ते किडनी आता माह्या नावाची आहे. माह्या मालात भेसळ नोको करू."

आम्ही दोघं हसलो. भावजय हसली नाही. तिनं डबी उचलली आणि आत नेली.

खरं सांगायचं तर ती डबी माझ्या डोळ्यांसमोरून बरेच दिवस हलली नाही. तिनं दुसऱ्यांदा पुढे केली असती तर मी कदाचित घेतलीच असती. निम्मी घेऊन पाहू, रोज न घेता एक दिवसाआड घेऊ, डॉक्टर काय सगळ्यांनाच असं सांगतात, अशी सगळी वकिली मी मनात करून ठेवली होती. पण तिनं विषय काढला नाही आणि मागायला मला तोंड नव्हतं.

त्याऐवजी तिनं माझं जेवणच ताब्यात घेतलं. तुमच्या हाती सैपाक राहिला तर काही खरं नाही, म्हणाली, आणि त्यात खोटं काही नव्हतं. उकडलेली भाजी, एक भाकर आणि तांब्याभर मठ्ठा घेऊन ती दोन्ही वेळा स्वतः यायची. मठ्ठ्यात जिरं, हिंग, काळं मीठ भरपूर. मी तो संपवेपर्यंत समोर बसून राहायची. नवऱ्याचं पथ्य, दुकान, नागपूरच्या चकरा सांभाळून ही बाई माझ्यासाठी एवढं करते, म्हणून मी तळाचं जिरंसुद्धा सोडत नव्हते.

आणि वजन उतरू लागलं. कपाटात दुमडून ठेवलेल्या पोलक्यांत हात जाऊ लागले. पोट सारखं ढळायचं, त्याला मी शरीराची शुद्धी म्हणायचे. रात्री पोटऱ्यांत गोळे यायचे, ते चालण्याचे. एकदा घाटाच्या पायऱ्यांवर डोळ्यांपुढे अंधारी आली, तर मी तिथेच बसून मनात म्हटलं, बारीक माणसांना असंच होत असावं. मला काय माहीत, मी कधी बारीक नव्हते. शेजारणींना मी मनोनिग्रहावर भाषणं द्यायला लागले. जीभ जिंकली की सगळं जिंकलं, असं एक वाक्यही मी तयार केलं होतं आणि ते हळदीकुंकवाला पुरणपोळीचं ताट परत करताना मोठ्यानं म्हणायचे.

भाऊ मात्र बदलला. तो दिवाळीच्या मालाचं बोलू लागला. ऑपरेशन झाल्यावर दुकानाचा माळा साफ करायचा, सुताचे भाव पाहायचे. मरायला टेकलेलं माणूस पुढचं बोलू लागलं की घरात सणासारखं वाटतं.

ठरल्याप्रमाणे नागपूरला गेलो. त्याला मशीनवर सोडून आम्ही दोघी डॉक्टरांकडे. मी काट्यावर उभी राहिले. सात किलो कमी. कुणी शाबासकी देतंय का म्हणून मी मान वळवून पाहिलं. डॉक्टर काट्याकडे नाही, माझ्या रक्ताच्या रिपोर्टकडे पाहत होते.

त्यांनी विचारलं, काय घेता. मी म्हटलं, भाकर, भाजी, मठ्ठा. ते म्हणाले, औषध काय घेता. मी म्हटलं, काही नाही. त्यांनी रिपोर्ट माझ्याकडे फिरवला. मला त्यातलं कळत नव्हतं, पण ज्या आकड्याखाली त्यांनी रेघ मारली तो माझ्या भावाच्या रिपोर्टवर मी नेहमी पाहत आले होते. त्याच्याइतका नव्हता, पण जिथे असायला हवा तिथेही नव्हता. ते म्हणाले, तुम्ही खोटं बोलत असाल तर दोन माणसं मरतील. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मी काही धड केलं होतं आणि हा माणूस मला चोर ठरवत होता. मी तडकले.

"माझ्या भावाच्या गळ्याची शपथ, मी एक गोळी घेतलेली नाही."

भावजयीनं माझं मनगट धरलं. एवढ्या जोरात की बांगडी रुतली.

"ताई, शपथ सुटली म्हणा."

मला वाटलं तिला डॉक्टरांसमोर शपथ घेणं आवडलं नाही.

"सुटली म्हणा ना, ताई. त्यांच्या गळ्याची घेतली तुम्ही. आधी सुटली म्हणा, मंग सांगतो."

मी म्हटलं, सुटली. तेव्हा तिनं सांगितलं. मठ्ठ्यात ती रोज दोन्ही वेळा कॅप्सूल फोडून टाकत होती. कडू लागू नये म्हणून काळं मीठ. तिच्या लहानपणी तिचा बाप दारू प्यायचा आणि तिच्या आईनं कुठल्याशा वैद्याची पुडी त्याच्या वरणात कालवून त्याची दारू सोडवली होती. बापाला मरेपर्यंत कळलं नाही. "न सांगता देल्लं की गुण येते, असं वाटलं मले," ती डॉक्टरांना सांगत होती, शाळेत उभं केलेल्या मुलीसारखी.

डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. कॅप्सूल आजपासून बंद, पाणी भरपूर प्या, महिन्यानं परत तपासू, म्हणाले. किडनी सावरेल का, हे मी विचारलं. ते म्हणाले, सावरतेही, नाहीही सावरत. आजच्या घडीला ही मी घेऊ शकत नाही.

बाहेर जिन्यावर भावजय बसली. मला तिला मारावंसं वाटत होतं. पण हात उचलेना. मी ती डबी घेतली नव्हती ती शहाणपणानं नाही, भीतीनं. तिची भीती माझ्यापेक्षा मोठी होती, एवढाच आमच्यात फरक. भावाला सांगायचं नाही, असं मीच ठरवलं. तो तिच्या हातचं जेवून जगत होता. त्या हातावरचा भरवसा गेला तर त्यानं जेवायचं कुणाच्या हातचं?

परतीला ती पुढे ड्रायव्हरजवळ बसली, भाऊ आणि मी मागे. उमरेड गेल्यावर भावानं डोळे उघडले आणि विचारलं, काय म्हणाला डॉक्टर. मी म्हटलं, रिपोर्ट बिघडला, तारीख पुढे गेली. माझीच चूक. मधे मधे चोरून समोसे खाल्ले, तेलकट खाल्लं.

त्याला जराही शंका आली नाही. जन्मभराच्या कीर्तीचा असा उपयोग होतो.  त्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"राहू दे ताई. तुह्याच्यानं नाही होत. मी तुले दोष नाही देत, पण आता नोको देऊ. मीच नाही घेत."

 खरं बोलावं तर ती जाते, न बोलावं तर हा जातो. पुढच्या सीटवरून, मागे न वळता, भावजय बोलली. "त्याईनं काही नाही खाल्लं. मी पाजलं." आणि गावचाच ड्रायव्हर शेजारी असताना, उद्या सगळ्या बाजारात होईल हे माहीत असताना, तिनं पहिल्यापासून सगळं सांगितलं. कॅप्सूल, काळं मीठ, बाप, डॉक्टर.

भिवापूर मागे पडलं. मला वाटलं, भाऊ झोपला. मग त्यानं विचारलं, डॉक्टरनं हिले काय करायले सांगतलं. भावजय म्हणाली, पाणी प्यायले.

"पेली का?"

मी सकाळपासून घोटही घेतला नव्हता. नागपूरच्या रस्त्यानं बाईमाणूस पाणी पीत नाही, थांबायला जागा कुठे असते. त्यानं आपल्या बाजूची बाटली घेतली. डायलिसिसच्या माणसाला पाणी मोजून मिळतं. दिवसभर पुरवायचं, जीभ सुकली तर नुसतं गुळणी करून टाकायचं. त्याची ती दिवसाची बाटली, निम्म्याहून जास्त भरलेली. झाकण उघडायला त्याच्या बोटांत जोर नव्हता, ते त्यानं दातांनी फिरवलं.

"पे."

मी म्हटलं, पवनीला पोचल्यावर पिते. त्यानं ड्रायव्हरला पेट्रोल पंप दिसेल तिथे गाडी थांबवायला सांगितली आणि बाटली माझ्या हातात दिली.

मी प्याले. तो माझा प्रत्येक घोट पाहत होता आणि त्याचे कोरडे ओठ माझ्याबरोबर हलत होते.