सहाव्या टेबलाची तहान

बियाणे संशोधन केंद्राच्या काचघरात त्या एकोणीस वर्षं रोपांना पाणी घालत होत्या. सगळे त्यांना पाणीवाल्या ताई म्हणत. ताईंच्या हाताखालचं रोप मरायलाही परवानगी मागतं, अशी तिथली थट्टा होती.

त्या दुपारी थंडाव्याचे पंखे बंद पडले. इलेक्ट्रिशियन येईपर्यंत तीन तास आत नुसती भट्टी. दुसऱ्या दिवशी पाहावं तर गव्हाची पाच टेबलं पांढरीफटक. सहावं, अगदी टोकाचं, मात्र हिरवंगार.

प्रत्येक टेबलावर वेगळं वाण होतं. प्रयोग चालवणाऱ्या संशोधक मॅडम हरखून गेल्या. ऊन-उकाडा वाढला की पानातला ऑक्सिजनच बिथरतो, पेशी जाळत सुटतो, आणि त्याला आवर घालणारी द्रव्यं रोप स्वतःच बनवतं, हे त्या नेहमी समजावून सांगत. सहाव्या वाणात ती ताकद उपजतच आहे, अशी त्यांची खात्री पटली. संध्याकाळी संचालकांना फोन करायचं ठरलं.

ताईंना मात्र वेगळंच कारण आठवलं. पंधरा दिवसांपूर्वी धाकट्या भावाचं ऑपरेशन झालं होतं. घाईघाईत पाणी घालून त्या दवाखान्यात पळत. नळी सहाव्या टेबलापर्यंत पोचत नसे, तिथे झारीनं घालावं लागे. ते त्यांनी पाच दिवस टाळलं आणि पाण्याच्या नोंदवहीत मात्र रोज खूण केली.

डबा उघडायची वासनाच झाली नाही. बोलावं तर नोकरीवर गदा, गप्प बसावं तर कुणाला पत्ताही लागणार नव्हता. पण उद्या हेच बियाणं लोक भरवशानं पेरणार. मॅडमनी फोन उचललेला दिसला, तशा त्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"मॅडम, त्या टेबलाला मी पाच दिवस पाणी घातलं नव्हतं. वहीतल्या खुणा खोट्या आहेत."

मॅडमनी फोन ठेवला. वही उघडून त्या पाच दिवसांच्या खुणा शोधल्या.

"थोडी तहान सोसली, म्हणून त्या रोपांनी ती द्रव्यं आधीच जमवून ठेवली असतील," मॅडम हळूच म्हणाल्या. "आता सगळं पहिल्यापासून करावं लागेल."

ताईंना लेखी ताकीद मिळाली, वही दुसऱ्याकडे गेली. पुढच्या महिन्यात सहाही वाणं नव्यानं लावली, प्रत्येकातली निम्मी रोपं मुद्दाम तहानलेली ठेवली आणि मग काचघर तापवलं. तहान सोसलेली बहुतेक तगली, मग वाण कुठलंही असो. ती मोजायला मॅडमनी ताईंनाच बोलावलं. ताईंनी आकडे सांगितले. मॅडमनी ते लिहून घेतले, आणि मग स्वतः पुन्हा एकदा मोजले.