सहा घरं, एकेक गोळी

हे लिहायला मी वर्षभर थांबले. श्रीकांतने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, परवा कुठे परवानगी दिली. अट एकच, खरं खरं लिहायचं. मी त्याला म्हटलं, खरं लिहिलं तर माझीच चूक जास्त निघेल. तो म्हणाला, लिही की मग.

लग्नानंतरची पहिली धुळवड जावयाने सासुरवाडीला करायची, असं आमच्या भोकरदन तालुक्यात घट्ट ठरलेलं असतं. माझं माहेर पिंपळगाव रेणुकाई. आईवडील आता नाहीत, पण आबाकाका आणि काकू आहेत आणि भावकीची सहा घरं एकाच गल्लीत आहेत. श्रीकांत पुण्यातच जन्मला, पुण्यातच वाढला आणि कॉम्प्युटरच्या कंपनीत लागला. त्याच्या लेखी धुळवड म्हणजे दार लावून झोपायचा दिवस. मी आठ दिवस भुणभुण केली, तेव्हा स्वारी तयार झाली.

पुण्याहून सकाळी सहाची एसटी धरावी. नगरला चहा, औरंगाबादला जेवण आणि ऊन कलायच्या आत जालना. खिडकी उजवीकडची घेऊ नका, मार्चमध्ये दिवसभर भाजून निघाल. जालना जवळ आलं की एमआयडीसीतल्या लोखंडाच्या गिरण्यांची धुराडी दिसायला लागतात. माझा दादा तिथेच बियाण्यांच्या कारखान्यात आहे आणि जुन्या जालन्यात स्टेशनजवळ राहतो. मुक्काम त्याच्याकडे झाला. वहिनीने केलेलं शेंगदाण्याचं झणझणीत वाटण खाऊन श्रीकांतच्या कानातून वाफा निघाल्या, आणि तरी त्याने परत मागून घेतलं. माणूस हट्टी आहे, हे तेव्हाच ध्यानात घ्यायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी होळी. दादाची मोटारसायकल घेऊन आम्ही भोकरदनच्या रस्त्याला लागलो. वाटेत राजूरला गणपतीचं दर्शन घ्या, पायऱ्या चढून वर गेलं की वारा छान लागतो. खाली गरम भजी मिळतात. दोघांचं पोट वीस रुपयांत भरलं. पुढे रस्ता कुठे आहे, कुठे नाही. गव्हाची काढणी चाललेली, हरभऱ्याचे ढीग रस्त्याच्या कडेला, आणि मागे बसून मी अखंड बडबडत होते. इतकं बरं वाटत होतं की काय सांगू.

आता धुळवडीचं. आमच्या भावकीत नव्या जावयाला त्या सकाळी सहाही घरी फिरवतात. दारात पाट मांडायचा, कपाळाला रंग लावायचा, टोपी घालायची आणि हातावर भांगेची गोळी ठेवायची. चिंचोक्याएवढी गोळी, गुळात वळलेली, बडीशेप आणि मिरीचा वास येणारी. प्रत्येक घरची वेगळी. घरोघरच्या बायकांना आपल्या पुरणाचा असतो तसा इथल्या पुरुषांना आपल्या गोळीचा अभिमान. पहिला मान आबाकाकांचा. आबाकाका म्हणजे ताठ माणूस. विहीर चुकीच्या जागी खणली तेव्हाही त्यांनी चूक पाण्याची आहे म्हणून सांगितलं होतं.

“एकच घ्या, जावईबापू,” काका म्हणाले. “दुसरी मागितली तरी भेटणार न्हाई. बिलकुल न्हाई.”

श्रीकांतने घेतली. पुढच्या दारात थोरले चुलते उभेच होते. “त्यांच्या घरची खाल्ली, मंग आमची न्हाई का? एकच घ्या, जास्तीचा आग्रह न्हाई.” तिसऱ्या घरीही एकच. चौथ्या घरी श्रीकांतने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “घे रे, नाही म्हटलं तर माणसं वर्षभर बोलत नाहीत.” हे वाक्य माझं आहे. खरं लिहायची अट आहे म्हणून लिहिते. सहाव्या घरातून बाहेर पडलो तेव्हा साडेअकरा वाजले होते, श्रीकांतच्या डोक्यावर एकावर एक सहा टोप्या होत्या आणि सगळी गल्ली हसत होती. मीही हसत होते.

बारा वाजले. काही नाही. साडेबाराला त्याने जाहीर केलं, “तुमच्या भांगेचं उगाच नाव मोठं आहे.” काकूने पुरणपोळी वाढली, वर तूप. तीन खाल्ल्या पठ्ठ्याने. दुसऱ्या दिवशी सकाळची पुण्याची गाडी जालन्याहून होती, म्हणून दोन वाजता निघायचं ठरलं. पिशव्या बांधल्या, पाया पडलो. श्रीकांत मोटारसायकलवर बसला आणि बसूनच राहिला.

“मी किक मारली का?” त्याने विचारलं.

“नाही.”

“मग गाडी चाललीय कशी?”

मी आधी हसले. मग त्याचा चेहरा पाहिला. डोळे लाल, ओठ कोरडे पडून चिकटलेले. कसाबसा उतरला आणि गाडी कडब्यावर आडवी झाली. भांग पाच मिनिटं उशिरा चढली असती तर आम्ही रस्त्यावर असतो आणि मी मागे बसलेली असते. हा विचार मला आजही सहन होत नाही.

त्याला ओसरीवर बाजेवर निजवलं. त्याने छातीवर हात ठेवून विचारलं, “माझं हृदय बंद पडतंय का?” मी म्हटलं, नाही. दोन मिनिटांनी पुन्हा तेच. मी पुन्हा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा. चौथ्यांदा मी ओरडले, “किती वेळा सांगू? गप्प पड आता.” तो गप्प पडला आणि अंगाचं मुटकुळं करून थरथरायला लागला. माझी मला लाज वाटली. पण खरं सांगते, त्या क्षणी मला रागाशिवाय काही सुचत नव्हतं, कारण आत मी भयंकर घाबरले होते.

एवढ्यात ओसरी भरली. कुणी म्हणे मिठाचं पाणी पाजून ओकवा, कुणी म्हणे डोक्यावर गार घागर ओता, कुणी लोणच्याची फोड घेऊन आलं. आबाकाका आले आणि सगळ्यांना बाहेर काढलं. बाजेच्या कडेला बसून त्यांनी श्रीकांतचा हात हातात घेतला.

“माझं हृदय बंद पडतंय का?”

“न्हाई, जावईबापू. धडधड करून राह्यलं, बंद कशाला पडंल? मी हितंच हाय.”

पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच उत्तर. तोच आवाज, तोच ठेका, जणू पहिल्यांदाच विचारलंय. मधूनच काकांनी मला हळू विचारलं, “आमची एकच दिल्ती. मंग एवढी कशी चढली?”

“सगळ्यांनी एकच दिली, काका. सहा घरी.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. पिढ्यानपिढ्या हे फिरणं चालत आलंय, आणि प्रत्येक दारात हात राखूनच गोळी दिली जाते. पण बेरीज कुणीच करत नाही. मी तर सोबत चालत होते, मीही केली नाही.

तीनच्या सुमाराला त्याला दोनदा ओकारी झाली आणि छातीत आवळतंय म्हणायला लागला. मी म्हटलं, डॉक्टर. काकू जवळ येऊन कुजबुजली, “ऊन लागलं म्हण गं तिथं. जावयाला भांग पाजून आणलं म्हणून तालुक्याला तोंड दाखवायची सोय न्हाई राहणार.”

धुळवडीला जीप करायची तर आधी चालक शुद्धीवर आहे का ते बघा. आम्हाला तिसरा बरा मिळाला. भोकरदनला एक दवाखाना उघडा होता. डॉक्टरांच्या स्वतःच्या कानाला हिरवा रंग होता. त्यांनी विचारलं, काय झालं. “ऊन लागलं जी,” काकू पटकन म्हणाली. मी तोंड उघडलं, आणि मला पुण्यातल्या सासूबाई दिसल्या. त्यांना काय सांगायचं? मी तोंड मिटलं. हो, मिटलं.

“ऊन न्हाई, डाक्टरसाहेब,” आबाकाका म्हणाले. “भांग हाय. सहा गोळ्या, दोन तासांत, वरून पोटभर गोडधोड. पह्यली मी दिल्ती. मोजायचं काम माझं व्हतं, ते मी केलं न्हाई. चूक माझी हाय.”

दवाखान्यात रंगलेली दहा-बारा माणसं बसली होती. सगळ्यांनी ऐकलं. काका कुणाकडे न बघता श्रीकांतचा हात धरून उभे राहिले.

डॉक्टरांनी नाडी पाहिली, रक्तदाब घेतला, छाती तपासली आणि म्हणाले, “हृदय ठीक आहे. बरं केलं खरं सांगितलं. उन्हाचं धरून बसलो असतो तर वेळ गेला असता. आता आठ-दहा तास जातील. हे मरणार नाहीत, पण आपण मरतोय असं ह्यांना वाटत राहणार. म्हणून एकटं सोडू नका.” एका कुशीवर निजवलं, खोलीतला दिवा मंद केला आणि संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. मी लिंबाचं विचारलं तर म्हणाले, “तोंडाला बरं वाटेल, द्या. पण ती उतरते वेळाने, लिंबाने नाही.”

तिथे बसून मी डॉक्टरांना बरंच विचारलं. तुमच्यापैकी कुणी धुळवडीला किंवा शिवरात्रीला अशा गावी जाणार असाल, तर ऐका. ओढलेल्या बिडीसारखं हे लगेच कळत नाही. पोटातून जायचं, म्हणून तास लागतो, दोन लागतात, जेवल्यावर त्याहूनही जास्त. काही होत नाही म्हणून दुसरी घेतली, की पहिली आणि दुसरी मागोमाग येऊन धडकतात. घ्यायचीच झाली तर अर्धी घ्या आणि पुढचा सगळा दिवस मोकळा ठेवा, गाडीची किल्ली दुसऱ्याकडे द्या, सोबत दारू तर अजिबात नको. हृदयाचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी वाटेला जाऊ नये. गोळ्या गुळाच्या दिसतात, तेव्हा फडताळात वर, कुलपात. लहान मुलाच्या तोंडात गेली, किंवा कुणी उठवून उठेना, श्वास नीट घेईना, छातीत दुखतंय म्हणालं, तर घरगुती उपाय करत बसू नका, सरळ दवाखाना गाठा आणि काय खाल्लं, किती खाल्लं ते सांगा. मला एवढं साधं कळायला नवरा आडवा पडावा लागला.

संध्याकाळपर्यंत श्रीकांतने तो प्रश्न किती वेळा विचारला असेल कोण जाणे. पाचनंतर काकांच्या जोडीला मीही उत्तरं द्यायला लागले. एकदा न चिडता देऊन पाहिलं, जमलं. मग दुसऱ्यांदाही जमलं.

पुण्याची ती गाडी चुकली. आम्ही काकांकडे एक दिवस नुसतं झोपून काढला आणि त्याच्या पुढच्या दिवशीच्या गाडीने आलो. मोटारसायकल दादा येऊन घेऊन गेला. श्रीकांतचं डोकं दोन दिवस जड होतं, मग तो ऑफिसला गेला. सासूबाईंना मी त्याच आठवड्यात सगळं सांगितलं, माझं चौथ्या घरचं वाक्यसुद्धा. त्या चिडल्या. चिडू दिलं.

यंदाच्या धुळवडीला आम्हाला रजा नव्हती. संध्याकाळी काकूचा फोन आला. थोरल्या चुलत्यांचा नवा जावई आला होता. आबाकाका स्वतः त्याच्यासोबत फिरले. पहिल्या घरी अर्धी गोळी दिली आणि पुढच्या पाचही दारांत आडवा हात धरून उभे राहिले. “ह्यांचं झालं. तुम्ही नुसती टोपी घाला.” माणसं रागावली, हा काय अपमान म्हणाली. तेव्हा काकांनी प्रत्येक दारात सांगितलं, मागच्या साली आमच्या जावईबापूंच्या जिवावर मी बेतवलं व्हतं. काकू म्हणाली, “पाच घरी पाच बार सांगितलं गं. मला तर ऐकवंना.”

मग तिने विचारलं, पुढच्या साली जावईबापू येतील का, का धसका घेतलाय? मी फोन श्रीकांतच्या हातात दिला.

“काकू,” तो म्हणाला, “आबाकाका जवळ बसणार असतील तर येतो.”